आधी पत्र, मग लेटरहेड : नव्या व्यावसायिकांसाठी

बँकेत करंट खात्यासाठी गेलात की काउंटरवरून उत्तर येतं, "हे तुमच्या लेटरहेडवर लिहून आणा." महावितरणकडे जादा लोड मागायचा असो, सोडून चाललेल्या कामगाराला अनुभवाचा दाखला द्यायचा असो, टेंडरला पत्र जोडायचं असो, की गिऱ्हाइकाच्या कर्जासाठी त्याच्या बँकेला कोटेशन द्यायचं असो, सगळीकडे तीच मागणी. धंदा नवा असतो, लेटरहेड नसतं आणि पत्र उद्याच हवं असतं. मग माणूस जवळच्या डीटीपीवाल्याकडे जातो, व्हिजिटिंग कार्ड पुढे करतो आणि म्हणतो, "ह्याचंच लेटरहेड करून टाका." दहा मिनिटांत कार्ड ताणून ए-फोरच्या डोक्यावर बसवलं जातं. डावीकडे लोगो, उजवीकडे तीन मोबाइल नंबर, खाली मालाची यादी, मधोमध फिकट वॉटरमार्क.

अशा कागदावर पत्र टाइप करायला घेतलं की अडचण कळते. कार्डावर नंतर कोणी काही लिहीत नाही. लेटरहेडवर मात्र मजकूर, सही, तुमचा शिक्का, समोरच्या कचेरीचा आवक शिक्का, साहेबाचा शेरा आणि पंचिंग मशीनची भोकं एवढं सगळं यायचं असतं. त्यामुळे काम उलट्या टोकाने सुरू केलेलं बरं. आधी पत्र लिहायचं आणि उरलेल्या जागेत लेटरहेड बसवायचं.

१. साध्या कागदावर एक खरं पत्र काढा

तुमच्या धंद्यात वरचेवर जाणारं सगळ्यात लांब पत्र निवडा. बहुतेकांचं ते कोटेशन असतं : प्रति, विषय, संदर्भ, सात-आठ ओळींचं दरपत्रक, अटी, सही. ते साध्या ए-फोर कागदावर प्रिंट करा आणि पेन्सिल घेऊन बसा.

आता समोरच्या कचेरीत या कागदाचं काय होतं ते आठवा. सरकारी कार्यालयात फाइलला कागद लावताना वरच्या डाव्या कोपऱ्यात भोक पाडून त्यात टॅग ओवतात. आपण नेमका तिथेच लोगो छापलेला असतो. खाजगी कंपन्यांत दोन भोकांचं पंचिंग मशीन चालतं. भोकांमधलं अंतर ८० मिलिमीटर आणि कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत १२ मिलिमीटर. म्हणजे डाव्या कडेचे निदान २० मिलिमीटर मोकळे हवेत, २५ असले तर उत्तम. डाव्या कडेला उभी रंगीत पट्टी आणि तिच्यात पत्ता अशी डिझाइनं इंटरनेटवर भरपूर दिसतात. स्क्रीनवर ती छान वाटतात, पण फाइलला लावल्यावर फोन नंबरातले दोन आकडे भोकात जातात.

दुसरी जागा आवक शिक्क्याची. आवक-जावक टेबलावरचा कारकून वरच्या भागात मोकळी जागा शोधतो, आणि पहिली नजर उजवीकडे जाते. तिथे साधारण ६० बाय ३० मिलिमीटरची जागा मिळाली तर शिक्का नीट बसतो. नाही मिळाली तर तो तुमच्या विषयाच्या ओळीवर येतो, आणि महिनाभराने झेरॉक्स मागितली की विषय काय होता ते वाचता येत नाही. तारखेची ओळ आणि विषयाची ओळ यांच्यामध्ये उजव्या बाजूला ही जागा राखून ठेवा.

तिसरी जागा सहीची. सही, तिच्यावर किंवा शेजारी गोल शिक्का, खाली नाव आणि हुद्दा, एवढ्याला ४० मिलिमीटर उंची लागते. या हिशेबातून तळपट्टीला फार तर १५ ते १८ मिलिमीटर उरतात.

पेन्सिलीने या तीन जागा आखल्या की डोक्याची पट्टी किती उंच करता येईल हे आपोआप दिसतं. बहुतेक वेळा ते ३५ ते ४० मिलिमीटर निघतं. ए-फोरची उंची २९७ मिलिमीटर आहे. डोक्याने ६० खाल्ले की सात ओळींचं दरपत्रक दुसऱ्या पानावर जातं आणि सही एकटी पडते. एकट्या सहीचं पान कोणाला आवडत नाही, बँकेला तर अजिबात नाही.

२. काय छापायलाच हवं

इथे धंद्याचं कायदेशीर रूप पाहावं लागतं. डीटीपीवाला हे विचारत नाही, तुम्हीच सांगायचं.

एकट्याची मालकी असेल तर लेटरहेडवर अमुकच छापा असा सर्वसाधारण नियम नाही. धंद्याचं नाव, पत्ता, फोन, ई-मेल पुरे. फक्त नावाला 'प्रायव्हेट लिमिटेड' किंवा 'एलएलपी' (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असं काही जोडू नका. तो नोंदणीचा दर्जा आहे, शोभेचा शब्द नव्हे.

प्रायव्हेट लिमिटेड किंवा पब्लिक लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम १२ लागू होतं. धंद्याची पत्रं, बिलं, नोटिसा या सगळ्यांवर कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन नंबर, आणि असतील तर फॅक्स, ई-मेल, वेबसाइट छापणं सक्तीचं आहे. चूक राहिली तर कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्याला रोज १,००० रुपये, जास्तीत जास्त १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एकाच व्यक्तीची कंपनी असेल तर नावाखाली कंसात 'वन पर्सन कंपनी' हे शब्द हवेत. नाव बदललं असेल तर पुढची दोन वर्षं नव्या नावाबरोबर जुनंही छापावं लागतं.

सीआयएन एकवीस अक्षरांचा असतो आणि तो छापताना हमखास घोळ होतो, म्हणून त्याची रचना माहीत असू द्या. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही हे सांगतं. पुढचे पाच आकडे उद्योगाचे, मग दोन अक्षरं राज्याची, चार आकडे स्थापनेच्या वर्षाचे, तीन अक्षरं कंपनीच्या प्रकाराची आणि शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांकाचे. प्रूफ तपासताना असे तुकडे पाडून वाचलं की चूक लगेच सापडते. सलग वाचलं तर डोळा शून्यांवरून घसरतो.

नोंदणीकृत पत्ता आणि प्रत्यक्ष काम चालतं तो पत्ता पुष्कळदा वेगळे असतात. नोंदणी घरच्या फ्लॅटवर, शेड भोसरीला. दोन्ही छापा, पण कुठला कोणता ते शब्दांत लिहा : 'नोंदणीकृत कार्यालय' आणि 'कारखाना'. नाहीतर कुरिअर फ्लॅटवर जातो आणि आई फोन करून विचारते, हे बेअरिंगचं खोकं कोणाचं?

एलएलपी असेल तर २००८ च्या एलएलपी कायद्यानुसार नाव, नोंदणीकृत पत्ता, नोंदणी क्रमांक आणि ही मर्यादित दायित्वाची नोंदणी आहे असं सांगणारी ओळ, एवढं पत्रव्यवहारावर आणि बिलांवर हवं. शेवटची ओळ नव्वद टक्के लोक विसरतात असं मला वाटतं. तळपट्टीत बारीक अक्षरात ती सहज बसते.

वकील, डॉक्टर, सीए यांच्या व्यवसायांना आपापल्या परिषदांचे वेगळे नियम आहेत. वकिलांच्या बाबतीत बार कौन्सिलचा नियम पाटी आणि स्टेशनरीचा आकारही माफक ठेवायला सांगतो आणि त्यावर पदांची जाहिरात करू देत नाही. तुम्ही यांपैकी असाल तर डिझाइनच्या आधी ते नियम वाचा.

जीएसटी क्रमांकाबद्दल बराच गैरसमज आहे. तो टॅक्स इन्व्हॉइसवर आणि दारावरच्या पाटीवर लागतो. लेटरहेडवर तो नसला म्हणून नियम मोडत नाही. तरी छापा, कारण कोटेशन लेटरहेडवरच जातं आणि समोरचा अकाउंटंट पहिल्यांदा तोच शोधतो. पंधरा अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची असतात, महाराष्ट्राची २७, गोव्याची ३०. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. मग पॅन वेगळा छापून काय मिळवायचं?

उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघू उद्योगात उत्पादन अथवा सेवा देत असाल, तर तो क्रमांक जरूर छापा. अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत चुकली तर खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांची अकाउंट खाती उद्यम क्रमांक शोधू लागली आहेत. तगाद्याच्या पत्रावर तो आधीच छापलेला असला की निम्मं काम झालेलं असतं. नुसता व्यापार करणाऱ्यांना ही मुदतीची सवलत नाही, हेही लक्षात असू द्या.

खाद्यपदार्थांच्या धंद्यात चौदा आकडी फूड लायसन्स नंबर बिलावर लागतो. लेटरहेडवर तो असला तर चांगलंच.

३. काय छापू नये

राजमुद्रा, म्हणजे अशोकस्तंभाचे सिंह, खाजगी लेटरहेडवर वापरता येत नाहीत. त्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. सरकारी ठेकेदार, सेवाभावी संस्था, 'मानवाधिकार' नाव लावणाऱ्या संघटना सर्रास छापतात. त्यांच्याकडे पाहून तुम्ही छापू नका.

आयएसओ प्रमाणपत्र मिळालं असेल तर 'आयएसओ ९००१:२०१५ प्रमाणित' असं अक्षरांत लिहा. आयएसओ संस्था स्वतःचा लोगो इतरांना वापरू देत नाही. नावापुढे गोलातला 'आर' फक्त ट्रेडमार्कची नोंदणी पूर्ण झाल्यावर लावायचा. अर्ज नुसता केला असेल तर 'टीएम'.

बँक खात्याचा नंबर बिलावर असू द्या, लेटरहेडवर नको. लेटरहेड दाखल्यांसाठी, शिफारशींसाठी, कुठे कुठे जातं.

आणि मालाची यादी. 'सर्व प्रकारचे गेट, ग्रिल, शेड, जिने, रेलिंग, शटर व इतर फॅब्रिकेशनची कामे योग्य दरात करून मिळतील' हे पॅम्फ्लेटचं वाक्य आहे. अनुभवाच्या दाखल्याच्या डोक्यावर ते शोभत नाही. फार वाटलं तर नावाखाली एक ओळ : 'औद्योगिक फॅब्रिकेशन व शेड उभारणी'. बाकी सगळं वेबसाइटवर किंवा कॅटलॉगमध्ये. 'योग्य दरात' तर कुठेच नको, अयोग्य दरात करतो असं आजवर कोणी छापलेलं नाही.

वरच्या '॥ श्री ॥' वर माझा आक्षेप नाही. आपल्याकडे पत्राची सुरुवात तशीच होते आणि कुलदैवताचं नाव न घालता वडील प्रूफवर सही करणार नाहीत, हेही माहीत आहे. ते मधोमध, आठ-नऊ पॉइंटमध्ये, एका रंगात असू द्या. देवाचा चार रंगी फोटो मात्र टाळावा. तो कागद पुढे घडी होतो, पंच होतो आणि शेवटी रद्दीत जातो.

४. मांडणी

डोकं आणि तळ यांची कामं वाटून घ्या. डोक्यात ओळख : लोगो, नाव, एक ओळ वर्णन. तळात संपर्क आणि कायद्याचे क्रमांक. ही साधी वाटणी केली की निम्मी गर्दी नाहीशी होते.

चाकणजवळच्या एका वर्कशॉपसाठी लेटरहेड करायचं आहे असं धरू. वरच्या कडेपासून १२ मिलिमीटर सोडा. लोगो डाव्या कोपऱ्यात न घेता डावीकडून २५ मिलिमीटरवर सुरू करा, उंची १८ मिलिमीटर. पत्राचा समासही २५ ठेवा, म्हणजे लोगोची डावी कड आणि मजकुराची डावी कड एका उभ्या रेषेत येते. एवढ्या एका गोष्टीने कागद सरळ दिसतो. लोगोच्या उजवीकडे नाव १८ पॉइंटमध्ये, खाली वर्णनाची ओळ ९ मध्ये. मग ३५ मिलिमीटरवर हवी तर एक बारीक रेघ. रेघेखाली डावीकडे 'जा. क्र.' (जावक क्रमांक) आणि उजवीकडे 'दिनांक'. 'प्रति'चा पत्ता डावीकडे ५० च्या आसपास सुरू होतो आणि त्याच्या उजवीकडे आवक शिक्क्याची जागा राहते.

'जा. क्र.' ही ओळ नव्या डिझाइनर मंडळींना जुनाट वाटते आणि ते ती काढून टाकतात. ती ठेवा, आणि साध्या वहीत जावक रजिस्टरही सुरू करा. सरकारी कार्यालयात अर्जाचा पाठपुरावा करताना "तुमचा पत्र क्रमांक आणि तारीख सांगा" हाच पहिला प्रश्न असतो. २०२५-२६/४७ असा नुसता क्रमांकही पुरतो.

तळपट्टीत दोन ओळी. पहिलीत पत्ता, दुसरीत फोन, ई-मेल, वेबसाइट. क्रमांक जास्त असतील तर तिसरी ओळ. फोन एक, फार तर दोन. बारा भावांचे बारा नंबर छापले की कोणाला फोन करायचा हे समोरच्याला कळत नाही. जो उचलला जातो तोच छापा. मोबाइलचे दहा आकडे पाच-पाचच्या दोन गटांत लिहिले की वाचायला सोपे जातात. ई-मेल जमल्यास स्वतःच्या डोमेनचा घ्या. वर्षाला फार खर्च येत नाही, आणि नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या जीमेलवर ऑर्डरी जात राहण्याचा ताप वाचतो.

पत्त्यात गावाच्या नावापुढचं 'बु.' आणि 'खु.' गाळू नका. बुद्रुक आणि खुर्द ही दोन वेगळी गावं असतात आणि कुरिअरवाला नवा असला की माल भलत्याच ठिकाणी उतरतो. पिनकोड शेवटी, ठळक.

लोगो नसेल तर थांबून राहू नका. चांगल्या अक्षरात नीट लिहिलेलं नाव पुरतं. फुकटच्या साइटवरून उचललेलं दातेरी चाक किंवा हस्तांदोलनाचं चित्र शेजारच्या दोन गाळेवाल्यांनीही उचललेलं असतं.

५. मराठी की इंग्रजी, आणि कोणता फॉण्ट

पत्रं कोणाला जातात त्यावर ठरवा. ग्रामपंचायत, तहसील, सहकारी बँक, स्थानिक गिऱ्हाईक असेल तर मराठी. बाहेरच्या राज्यात किंवा परदेशात माल जात असेल तर इंग्रजी. दोन्ही हवं असेल तर नाव दोन्ही लिपींत आणि पत्ता एकाच लिपीत घ्या. पत्ता दोनदा छापला की तळपट्टी फुगते. दुकाने व आस्थापना कायद्यातली मराठीची सक्ती पाट्यांबद्दल आहे, लेटरहेडबद्दल नाही. मराठी नाव घालायचं ते मनापासून घाला.

देवनागरी इंग्रजीपेक्षा थोडी मोठी घ्यावी लागते, कारण वेलांट्या आणि मात्रा वर, उकार खाली, आणि मधल्या अक्षराला जागा कमी उरते. इंग्रजी पत्ता ८ पॉइंटला वाचता येतो, मराठीला ९ ते १० हवेत आणि ओळींमध्ये अंतर सढळ हवं. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

फॉण्ट युनिकोडमधला घ्या. छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या प्रणालींचे जुने फॉण्ट चालतात. अक्षरं देखणी असतात यात वाद नाही, पण तोच मजकूर तुमच्या ऑफिसच्या वर्डमध्ये घेतला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळणारे युनिकोड फॉण्ट आहेत. मुक्ता पत्त्याला चांगला, बालू जाडजूड आणि खेळकर, तो बेकरीला शोभेल, ऑडिट फर्मला नाही. 'तिरो देवनागरी मराठी' हा गंभीर वळणाचा आहे आणि त्यात 'ल' आणि 'श' आपल्या शाळेत गिरवले तसे येतात. बऱ्याच फॉण्टांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाची असतात. नावात 'शिंदे', 'लक्ष्मी', 'शीतल' असेल तर हे पाहून घ्या. सांगली-कोल्हापूरच्या गिऱ्हाइकालाही ते वळण डोळ्याला खुपतं, कारण सांगता आलं नाही तरी.

फाइल फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये होत असेल तर कंपोझर, म्हणजे अक्षरजुळणीची सेटिंग, 'वर्ल्ड-रेडी' करायला सांगा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. आणखी एक परीक्षा : 'चऱ्होली' किंवा 'गोऱ्हे बुद्रुक' टाइप करून पाहा. रफार आणि हा आडवा र यांत घोटाळा झाला तर गावाचं नावच बदलतं.

छपाईला फाइल देताना सगळी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे रेषाचित्रांत, बदलून द्या. मग छापखान्यात तो फॉण्ट असो नसो, अक्षर तुटत नाही. मूळ, बदलता येणारी फाइल मात्र स्वतःकडे मागून घ्या. ही मागणी काम देतानाच करावी, पैसे चुकते झाल्यावर ती फाइल सापडेनाशी होते.

६. रंग आणि झेरॉक्सची परीक्षा

दोन रंग पुरतात, काळा आणि तुमचा एक. पण त्याआधी डिझाइनची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. मग मोबाइलने फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. तुमची निम्मी पत्रं याच वाटेने पुढे सरकणार आहेत. पिवळी, फिकट आकाशी, पोपटी अक्षरं दुसऱ्या झेरॉक्सला नाहीशी होतात. गडद पट्टीवरची पांढरी बारीक अक्षरं भरून जातात. मधला वॉटरमार्क मळकट ढग होऊन मजकुरावर पसरतो आणि दरपत्रकातला ३ की ८ हे कळेनासं होतं. वॉटरमार्क काढून टाका, असं माझं सरळ मत आहे. नकली पत्र बनवणाऱ्याला तो अडवत नाही, खरं पत्र वाचणाऱ्याला मात्र अडवतो.

७. कागद आणि छपाई

कागद ए-फोर, २१० बाय २९७. वजन ९० ते १०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. रोजचा झेरॉक्सचा कागद ७० ते ७५ चा असतो, त्यापेक्षा हा हाताला भरीव लागतो. छापखान्यात 'एक्झिक्युटिव्ह बाँड' मागितलात तर समजेल. १२० च्या पुढे जाऊ नका, घड्या घातल्यावर पाकीट फुगतं. ए-फोर दोन घड्या घालून तीन भाग केले की ११० बाय २२० च्या लांब पाकिटात बसतो, तेव्हा पाकिटंही त्याच मापाची करून घ्या. चकचकीत आर्ट पेपर अजिबात नको. त्यावर शिक्क्याची शाई वाळत नाही, बोट लागलं की फासते.

ऑर्डर देण्याआधी छापखान्यातून त्याच कागदाचे दहा कोरे ताव घरी आणा. तुमच्या प्रिंटरमधून काढा, तुमच्या पेनने सही करा, तुमचा शिक्का मारा. जेल पेनची शाई पसरते का, कागद वळतो का, प्रिंटर दोन-दोन कागद ओढतो का, हे हजार छापल्यावर कळून उपयोग नाही. लेझर प्रिंटर कागद दोनशे अंशांच्या आसपास तापवतो, त्यामुळे पावडर वितळवून केलेली उठावाची छपाई पुन्हा वितळते. डिजिटल प्रेसवर टोनरने छापलेलं लेटरहेड पुन्हा लेझरमधून काढताना कधी कधी अक्षरं रोलरला चिकटतात. तेव्हा रोज लेझर वापरणाऱ्याने साधी ऑफसेटच घ्यावी.

शंभर-दोनशे हवे असतील तर डिजिटल, हजाराला ऑफसेट. ऑफसेटमध्ये खर्च प्लेटचा आणि मशीन लावण्याचा असतो, म्हणून पाचशे आणि हजार यांच्या एकूण खर्चात फार फरक पडत नाही. तरी पहिल्यांदा पाचशेच घ्या. नव्या धंद्यात वर्षभरात फोन, पत्ता, भागीदार यांपैकी काहीतरी बदलतंच. काही छापखाने अनेकांची कामं एकाच मोठ्या तावावर एकत्र छापतात. ते स्वस्त पडतं, पण तुमचा रंग शेजारच्या कामाप्रमाणे थोडा हलतो. ठरावीक निळा तोच हवा असेल तर आधी बोला.

रंग कागदाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा द्या, कटिंगमध्ये पांढरी रेघ राहत नाही. ही कटकट नको असेल तर कडेपर्यंत रंग नेऊच नका, कारण तीच फाइल ऑफिसच्या प्रिंटरवर काढली की कडा पांढऱ्या राहतात.

प्रूफ कागदावर मागा, मोबाइलवर नाही. नंबर लावून पाहा, ई-मेलवर एक मेल पाठवा, क्रमांक मूळ प्रमाणपत्राशी ताडून पाहा. शुद्धलेखन घरातल्या एखाद्या शिक्षक नातेवाइकाकडून तपासून घ्या. 'औद्योगीक', 'निर्मीती', 'सर्विसेस् प्रा. लि' अशा चुका मालकाच्या नजरेला वर्षानुवर्षं दिसत नाहीत आणि बाकी सगळ्यांना पहिल्याच दिवशी दिसतात.

८. वर्डमधलं लेटरहेड

छापील कागद थोडा लागतो, रोजची पत्रं पीडीएफ होऊनच जातात. त्यासाठी वर्डमध्ये तोच नमुना उभा करा. लोगो आणि नाव पानाच्या मजकुरात न ठेवता हेडरमध्ये टाका, नाहीतर दोन ओळी वाढवल्या की लोगो खाली सरकतो. हेडरच्या पर्यायांत 'डिफरंट फर्स्ट पेज' निवडा. मग पहिल्या पानावर पूर्ण डोकं येतं आणि दुसऱ्यापासून बारीक अक्षरात नुसतं नाव आणि पान क्रमांक ठेवता येतो. हेडर उंच असलं की वर्ड पहिल्या पानाचा मजकूर आपोआप खाली ढकलतो. फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, म्हणजे उघडली की दर वेळी नवी कोरी प्रत मिळते आणि मूळ नमुन्यावर कोणाचं कोटेशन चिकटून राहत नाही. पाठवताना पीडीएफच पाठवा. वर्डची फाइल पाठवली तर दर बदलायला समोरच्याला दोन मिनिटं लागतात, आणि तुमचं लेटरहेड त्याला फुकट मिळतं ते वेगळंच.

छापील कागदावर प्रिंट काढायची असेल तर त्याच टेम्प्लेटची दुसरी प्रत करा. तिच्यात हेडर कोरं, पण उंची तीच.

सही करून ठेवलेले कोरे लेटरहेड कोणाकडेही देऊ नका. "साहेब बाहेरगावी जाताय, दोन सह्या करून ठेवा" ही विनंती घरच्या माणसाकडून आली तरी नाही म्हणा. त्यावर नंतर काय टाइप होईल याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. रीम कपाटात कुलपात आणि जाड प्लॅस्टिकमध्ये ठेवा, पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि प्रिंटरमध्ये अडकतो.

पत्ता बदलला तर कंपनीने नोंदणीकृत कार्यालयाच्या बदलाची सूचना ३० दिवसांत रजिस्ट्रारला द्यायची असते. लेटरहेडचं प्रूफ त्याच आठवड्यात काढायला घ्या. जुना पत्ता पेनने खोडून पत्रं पाठवू नका. उरलेला गठ्ठा छापखान्यात न्या, कटिंग मशीनवर डोकं आणि तळ उडवून घ्या, मधल्या कोऱ्या कागदाचे अर्धे करून रफ पॅड बांधून मिळतात. कापलेल्या पट्ट्याच रद्दीत द्या, नाव छापलेला अख्खा कोरा कागद नको.